कपाटातील लग्नाची सीडी मोबाईलवर आणताना

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात लग्नसराई आणि गळीत हंगाम यांचे नाते जुने आहे. ऊस तुटून कारखान्यावर गेला, बिलाची रक्कम हाती आली, की मांडव उभे राहतात. सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले बारामती तालुक्यातील सोमेश्वरनगर त्याला अपवाद नाही. सन २००० च्या आगेमागे या मांडवांत एक नवी वस्तू रुळली, ती म्हणजे लग्नाची सीडी. त्यापूर्वी व्हीएचएस कॅसेट असे. चित्रण करणारा लहान टेपवर सगळा सोहळा टिपून घेई, मग त्याचे ‘मिक्सिंग’ होई, नवरा-नवरीचे चेहरे बदामाच्या चौकटीत येत, वरातीवर एखादे गाजलेले चित्रपटगीत चढे आणि महिना-दोन महिन्यांनी दोन-तीन तबकड्यांचा संच घरी येई. पाहुण्यांना बसवून तो दाखवणे हा त्या काळी पाहुणचाराचाच एक भाग होता.

आज त्या तबकड्या कपाटात आहेत, पण त्या लावायच्या कशावर हा प्रश्न आहे. प्लेअर कधीच भंगारात गेला. नव्या लॅपटॉपला तबकडीचा कप्पाच नसतो. मुले पुण्यात किंवा परदेशात, आणि पाहण्याचे साधन एकच, हातातला मोबाईल. याहून गंभीर बाब अशी, की तबकडी वाट पाहत थांबत नाही. त्या चित्रणात हळद लावणारी आजी आज हयात नसेल, तर तिचा चालता-बोलता आवाज बहुधा त्या एकाच तबकडीवर उरलेला असतो.

विकत मिळणारी चित्रपटाची सीडी आणि घरगुती सीडी यांत मूलभूत फरक आहे. पहिलीवरील खुणा कारखान्यात साच्याने दाबून उमटवलेल्या असतात. दुसरीत एक सेंद्रिय रंगद्रव्य असते आणि लेझर किरणाने ते ठिकठिकाणी बदलून माहिती लिहिली जाते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हे रंगद्रव्य हळूहळू निकामी होते. पत्र्याच्या घरात, ट्रंकेच्या तळाशी पंधरा-वीस उन्हाळे काढलेल्या तबकडीची काय अवस्था असेल, याची कल्पना करता येते. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. सीडीची नाजूक बाजू चकाकणारी नव्हे, तर नाव लिहिलेली. परावर्तक थर त्या बाजूला लाखेच्या पातळ आवरणाखाली लगेचच असतो. तिथे ओरखडा पडला, की माहितीच खरवडून जाते. डीव्हीडीत हा थर प्लॅस्टिकच्या दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असल्याने त्या मानाने सुरक्षित राहतो. स्टुडिओने वधूवरांच्या छायाचित्राचा कागद चिकटवला असेल, तर तो सोलण्याच्या फंदात पडू नये. कागदाबरोबर थरही निघून येतो.

संगणकाला यूएसबीने जोडता येणारा बाह्य डीव्हीडी ड्राइव्ह आजही मिळतो. तो थेट मोबाईलला जोडून बहुतेक वेळा काही साधत नाही, संगणक लागतोच. तबकडी आधी स्वच्छ, मऊ, सुती कापडाने पुसावी, आणि तीही मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसल्यास माहितीच्या रेषेला समांतर चरा उमटतो आणि असा चरा ड्राइव्हला सर्वांत जड जातो. टूथपेस्टने घासण्याचा गावठी उपाय शेवटचा म्हणूनही करू नये.

आता तबकडी कोणत्या जातीची आहे ते पाहावे. संगणकावर उघडल्यावर ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘डॅट’ प्रकारची मोठी फाइल दिसली, तर ती व्हीसीडी. ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर आणि त्यात ‘व्हीओबी’ फाइल्स दिसल्या, तर डीव्हीडी.

व्हीसीडीचा आराखडा १९९३ चा. आपल्याकडील पद्धतीत चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चित्रे, आणि एका तबकडीवर सुमारे सव्वा तास. म्हणून तर एका लग्नाला दोन-तीन तबकड्या लागत. एवढा वेळ बसवण्यासाठी एक तडजोड केलेली आहे. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक कप्प्यात २०४८ बाइट माहिती आणि उरलेल्या जागेत चूक दुरुस्त करण्याची सोय असते. व्हीसीडीत चित्राच्या कप्प्यांतून ती सोय बरीचशी काढून २३२४ बाइट माहिती भरली जाते. प्लेअरवर लावताना एखादा कण चुकला तर चित्र क्षणभर फुटते आणि पुढे सरकते. मात्र हीच फाइल संगणकावर ओढून घेताना एका जागी वाचन अडले, की संपूर्ण नक्कलच थांबते. लोक इथेच ‘सीडी गेली’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. तो घाईचा असतो. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावे, कारण प्रत्येक ड्राइव्हची वाचनशक्ती वेगळी असते. तेही न जमल्यास आयसोबस्टरसारखी सॉफ्टवेअर अडलेला भाग पुनःपुन्हा वाचून पाहतात आणि जे वाचता येत नाही ते सोडून पुढे जातात. सव्वा तासातले दहा सेकंद गमावले, तरी मंगलाष्टका हाती लागतात.

डॅट फाइल मिळाली, की व्हीएलसी या मोफत सॉफ्टवेअरने ती पाहता येते आणि त्यातील ‘कन्व्हर्ट’ ही सोय वापरून एमपी४ मध्ये बदलता येते. चित्राचा आकार वाढवण्याचा मोह टाळावा. मुळात जे टिपलेच गेले नाही, ते मोठे करून दिसत नाही.

डीव्हीडीचे काम थोडे अधिक विचाराने करावे लागते. व्हीओबी फाइल्स जास्तीत जास्त एक-एक जीबीच्या तुकड्यांत असतात. हे तुकडे प्रसंग पाहून पाडलेले नसतात, त्यामुळे एकेक फाइल वेगळी बदलली तर सप्तपदी चौथ्या पावलावर तुटू शकते. संपूर्ण फोल्डर संगणकावर उतरवून घ्यावा आणि हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो फोल्डरच उघडावा. त्यात ‘फास्ट ५७६पी२५’ नावाचा तयार पर्याय आहे, तो आपल्याकडील डीव्हीडीला चपखल बसतो. गुणवत्तेचा आकडा १८ ते २० च्या दरम्यान ठेवावा. हा आकडा जितका लहान तितके चित्र चांगले, हे उलटे गणित लक्षात असू द्यावे.

यातील खरी मेख चित्राच्या रेषांत आहे. जुन्या दूरचित्रवाणीसाठी टिपलेले चित्रण एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांत विभागलेले असते. मोबाईलचा पडदा सर्व रेषा एकदम दाखवतो. परिणामी वरातीत नाचणाऱ्यांच्या हातापायांना करवतीसारखे दाते दिसू लागतात. दोष कॅमेऱ्याचा नव्हे, रूपांतराचा. हँडब्रेकच्या ‘फिल्टर्स’ विभागात ‘डीइंटरलेस’ चालू केले, की हे दाते जातात. तिथेच ‘बॉब’ हा पर्याय निवडून चित्रांचा वेग सेकंदाला ५० ठेवल्यास हालचाल मुळातल्यासारखी सलग दिसते. फाइल काहीशी मोठी होते, पण पालखीचे रिंगण, लेझीम, वरात अशा चित्रणाला ते साजेसे आहे. बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण घरच्या कॅमेऱ्यात टिपून ठेवलेली इंदापूरकडची कुटुंबे हा फरक लगेच ओळखतील. दुसरी खबरदारी चित्राच्या आकाराची. डीव्हीडीतले ठिपके चौरस नसतात. ते तसे धरले गेले, तर माणसे किरकोळ अंगाची दिसतात. हँडब्रेक हे स्वतः सांभाळते, म्हणून तिथले आकडे उगीच बदलू नयेत.

साधारण दोन मेगाबिट वेगाने केलेल्या एका तासाच्या फाइलला ९०० एमबीच्या आसपास जागा लागते. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या मेमरी कार्डावर चार जीबीहून मोठी फाइल बसतच नाही, म्हणून मोठ्या सोहळ्याचे हळद, लग्न, पाठवणी असे भाग करणे सोयीचे. व्हॉट्सअॅपवर ‘व्हिडिओ’ म्हणून पाठवल्यास चित्र पुन्हा आवळले जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. २०२२ पासून तिथे दोन जीबीपर्यंतची फाइल जाते. आणि मोबाईलसाठी केलेली ही प्रत म्हणजे मूळ ठेवा समजू नये. तबकडीवरून जशीच्या तशी उतरवलेली मूळ फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन घरांत, ठेवावी.

हे काम दुकानात करून घेणाऱ्यांनी मूळ फाइल परत मागून घ्यावी. नुसते ‘मोबाईलवर टाकून देतो’ एवढ्यावर समाधान मानू नये. शिवाय चित्रण करणाऱ्याकडे मूळ मिनीडीव्ही टेप उरली आहे का, हे एकदा विचारून पाहावे. त्या टेपवरील चित्रण तासाला सुमारे १३ जीबी भरते. व्हीसीडी ही त्याची पुसट सावली असते. हँडीकॅमच्या आठ सेंटिमीटरच्या लहान डीव्हीडी असतील आणि त्या संगणकावर कोऱ्या दिसत असतील, तर त्या फेकू नयेत. बहुधा त्या ‘फायनलाइज’ करायच्या राहून गेलेल्या असतात. तो कॅमेरा चालू स्थितीत असेल, तर त्याच्यातच हे करता येते.

घरच्या चित्रणावर नक्कलप्रतिबंधक कुलूप नसते, त्यामुळे वरील सर्व निर्धास्तपणे करावे. चित्रपटांच्या विकतच्या डीव्हीडीचे तसे नाही. २०१२ मधील दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले आणि असे कुलूप तोडणे त्याच्या कक्षेत येते. लग्नाचे चित्रण यूट्यूबवर चढवणाऱ्यांना मात्र वेगळाच अनुभव येऊ शकतो. मिक्सिंगमध्ये घातलेले चित्रपटगीत तिथली यंत्रणा ओळखते आणि संगीत कंपनीचा हक्क पुढे येतो. नातेवाइकांपुरते दाखवायचे असेल, तर फाइलच पाठवलेली बरी.

फाइलला नाव देताना ‘मूव्ही १’ असे न ठेवता वर्ष, गाव आणि प्रसंग लिहावा. मग घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला शेजारी बसवून ते चित्रण एकदा सावकाश पाहावे आणि पंगतीत दिसणाऱ्या माणसांची नावे वहीत उतरवून घ्यावीत. कोणते सॉफ्टवेअर वापरले तरी ही माहिती त्या तबकडीतून निघत नाही.