मेल ‘गेला’ म्हणजे मिळाला?

परीक्षेचं हॉलतिकीट, मुलाखतीचं बोलावणं, विम्याची नोटीस, सगळं आता ईमेलवर येतं. पण दिलेला पत्ता चालतो का, हे क्वचितच कोणी तपासतं. कारण काही गैरसमज डोक्यात पक्के बसलेत.

‘सेंटमध्ये दिसतोय, म्हणजे मिळाला.’ नाही. सेंट म्हणजे तुमच्या सेवेने तो पाठवायला घेतला, एवढंच. समोरचा सर्व्हर तो इनबॉक्समध्ये ठेवेल, स्पॅममध्ये टाकेल किंवा नाकारेल. नाकारला तर बहुधा ‘मेलर-डेमन’ नावाने इंग्रजीत उत्तर येतं. लोक ते न वाचताच उडवतात. खरं तर पत्ता सापडला नाही की समोरची जागा भरली आहे, हे त्यातच लिहिलेलं असतं. समोरचा सर्व्हर तात्पुरता बंद असेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न होतात, त्यामुळे हे उत्तर दोन-तीन दिवसांनीही येऊ शकतं. आणि एक अक्षर चुकून मेल भलत्याच माणसाच्या खऱ्या पत्त्यावर गेला, तर काहीच परत येत नाही.

‘माझ्याकडे मेल थोडेच आहेत, जागा कशी भरेल?’ जीमेलची मोफत 15 जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंसोबत वाटलेली असते. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. लग्नाचे व्हिडिओ चढवले की इनबॉक्स रिकामा असूनही जागा संपते आणि मेल जाणं-येणं दोन्ही थांबतं. परत गेलेल्या मेलची खबर पाठवणाऱ्याला मिळते, तुम्हाला नाही.

‘मधला डॉट राहिला, म्हणून मेल आला नाही.’ साध्या जीमेल पत्त्यात डॉट असला-नसला तरी फरक पडत नाही. इतर सेवांत मात्र पडू शकतो.

‘आयडी एकदा काढला की कायमचा.’ सर्वात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. अर्ज भरताना सायबर कॅफेवाल्याने घाईत आयडी काढून दिलेला असतो. पासवर्ड त्याच्या वहीत, रिकव्हरीला नंबर त्याचा किंवा आता बंद पडलेल्या सिमचा. निकालाच्या वेळी पासवर्ड आठवत नाही आणि ओटीपी भलत्याच फोनवर जातो. शिवाय 2 वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. कॅफेवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. घरी आल्यावर लगेच पासवर्ड बदला आणि नंबर स्वतःचा घाला.

‘स्पॅम म्हणजे नुसता कचरा.’ कामाचे मेलही तिथे जातात आणि जीमेल ते 30 दिवसांनी आपोआप पुसतं. आठवड्यातून एकदा बघा. कामाचा सापडला तर ‘नॉट स्पॅम’ दाबा. दुकानाचं किंवा संस्थेचं स्वतःचं डोमेन असेल तर एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी केल्यात का, हे वेबसाइटवाल्याला विचारा. या नोंदींशिवाय मेल खरोखर तुमच्याकडूनच आला, हे समोरच्या सर्व्हरला पडताळता येत नाही. फेब्रुवारी 2024पासून गूगल आणि याहू याबाबत कडक झालेत.

तपासणीसाठी स्वतःलाच मेल पाठवून भागत नाही. दुसऱ्या कंपनीची ईमेल सेवा वापरणाऱ्या मित्राला एक मेल पाठवा आणि तो कुठे पडला ते विचारा. मग त्याला तुमचा पत्ता हाताने टाइप करून नवा मेल पाठवायला सांगा. नुसता रिप्लाय नको. पुढचा अर्ज भरण्याआधी एवढं नक्की करा.