गप्पीला केशरी ठिपका कोण देतं?

गप्पी मासा पाहिलाय ना? डासांच्या अळ्या गट्टम करतो, म्हणून आरोग्य खात्याची माणसं त्याला डबक्यांत, हौदांत आणून सोडतात. पुन्हा दिसला, की नीट निरखा. मादी मोठी, पण अगदी साधी, राखाडी. नर जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा, पण थाट बघा त्याचा! अंगावर काळे, निळे, केशरी ठिपके, जणू लग्नाच्या वरातीलाच निघालाय.

हे रंग येतात कुठून? काळा रंग मासा स्वतःच तयार करतो. निळ्याची तर गंमतच. तिथे निळा रंग नसतोच! कातडीतल्या पेशींमध्ये बारीक, चकचकीत स्फटिक असतात. त्यांच्यावर आपटून उजेड परततो आणि आपल्याला निळं दिसतं.

घोडं अडतं ते केशरीपाशी. त्यासाठी हवीत कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजराला आणि झेंडूला रंग देणारी द्रव्यं. वनस्पती आणि शेवाळं ती बनवतात, माशाला काही ती बनवता येत नाहीत. मग करायचं काय? खायची!

गप्पीचं एक मूळ घर म्हणजे त्रिनिदाद बेट. तिथल्या काही ओढ्यांवर झाडांची एवढी दाट सावली असते, की पाण्यावर ऊन फारसं पडतच नाही. ऊन कमी, म्हणून शेवाळ कमी. शेवाळ कमी, म्हणून नराच्या ठिपक्यांत कॅरोटिनॉइडही कमी! बऱ्याच ओढ्यांतल्या माद्यांना ठळक केशरी नरच आवडतात. म्हणजे जेवणावर लग्नही अवलंबून! गप्पीकडे आणखी एक युक्ती आहे. ड्रॉसोप्टेरिन नावाचा लाल रंग तो स्वतः बनवतो आणि त्याच ठिपक्यात मिसळतो.

गोल्डफिशचंही असंच. तो खाण्यातला पिवळा रंग घेतो आणि शरीरात त्याचा लाल करतो. खाण्यात असा रंग नसेल, तर हळूहळू फिका पडतो. म्हणून माशांच्या खाण्यात स्पिरुलिना नावाचं शेवाळ, कोळंबीची पूड, कधी झेंडूच्या पाकळ्यांचा अर्कही घालतात. पुढच्या वेळी डब्यावरची यादी वाचून बघा.

आणि हो, रंग लवकर चढावा म्हणून मूठभर दाणे ओतू नका बरं! उरलेलं खाणं कुजतं, पाणी खराब होतं आणि मासा आजारी पडतो. आजारी मासा फिकाच दिसणार ना?