गिअरबॉक्सचा प्राण तेलात
डिझेल पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दीर्घकाळ कसा टिकेल?

बेळगाव-निपाणी परिसरातील शेतकऱ्याच्या दारी एके काळी बैलजोडीला जे स्थान होते, ते आज पुष्कळ अंशी पिकअप गाडीला प्राप्त झाले आहे. भाजीपाला घेऊन चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरणारी, तवंदीचा चढ चढून निपाणीत तंबाखूची पोती आणणारी ही गाडी कित्येक कुटुंबांची अन्नदात्री आहे. तिच्या कमाईवर घर चालते, मुलांच्या शाळेची फी भरली जाते आणि बँकेचा हप्ताही फिटतो. मात्र बैल आणि यंत्र ह्यांत एक मोठा भेद आहे. बैल थकला म्हणजे खाली बसतो, आणि धन्याला त्याची दया येते. यंत्र निमूटपणे राबत राहते आणि एके दिवशी घाटातच प्राण सोडते. म्हणून यंत्राच्या धन्याने अधिक सावध असले पाहिजे.

आपल्याकडील बहुसंख्य पिकअप अद्याप हाताने गिअर बदलण्याच्याच आहेत. तथापि इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ साली भारतात आलेली टोयोटाची हायलक्स ह्या डिझेल पिकअप ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह मिळतात. क्लच दाबण्याचा त्रास नाही, घाटात डाव्या पायाला विश्रांती, हे सुख खरेच. परंतु हा गिअरबॉक्स बिघडला, तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च साध्या क्लचप्लेटच्या खर्चाहून कितीतरी अधिक येतो. तेव्हा त्याचा स्वभाव आधीच जाणून घेणे शहाणपणाचे.

शक्ती तेलातून वाहते

साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांना क्लचप्लेट जोडते. ऑटोमॅटिक गाडीत हे काम टॉर्क कन्व्हर्टर करतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल असते, इतकाच फरक. हर्मान फॉटिंगर ह्या जर्मन अभियंत्याने ही युक्ती १९०५ च्या सुमारास जहाजांसाठी शोधली. पुढे अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९४० सालच्या मोटारींत तेलाच्या जोडणीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसविला आणि त्याचा प्रसार झाला.

हे तेल एकाच वेळी चार कामे करते. ते शक्ती वाहून नेते, दाबाने आतील क्लच आवळते, दात्यांना वंगण पुरविते आणि उष्णता बाहेर काढते. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप व व्हॉल्व्ह घडविणाऱ्या कामगारास विचारा. तेलावर चालणाऱ्या यंत्राचे दोन वैरी, एक उष्णता आणि दुसरा मळ, असेच तो सांगेल.

उष्णता कोठून येते?

दोन पंख्यांच्या गतीत जितका फरक, तितकी शक्ती वाया जाऊन तेल तापते. गाडी सपाट रस्त्यावर वेगाने धावू लागली, की कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लच दोन्ही पंखे एकत्र जखडून टाकतो आणि ही उष्णता थांबते. उलट, जड माल भरून घाटात मुंगीच्या पावलाने चढताना ही घसट सतत चालू राहते. सामान्यतः ८० ते ९० अंश सेल्सिअसला हे तेल सुखाने काम करते. त्यापुढे दर १० अंश वाढीस तेलाचे आयुष्य निम्म्याने घटते, असा तंत्रज्ञांचा ढोबळ ठोकताळा आहे. तेल करपले, की रबरी सील कडक होतात, दाब गळतो आणि क्लच घसरून जळू लागतात.

ह्यावरून चालकाने पाळावयाचे नियम आपोआपच निघतात. चढावर वाहतूक खोळंबली असता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये. चाके स्थिर आणि इंजिन जोरात, अशा वेळी इंजिनाची जवळजवळ सारी शक्ती तेल तापविण्यातच जाते. तेथे ब्रेकच लावावा. लांब चढावर गाडी वारंवार गिअर बदलू लागली, तर हाताने खालचा गिअर निवडावा. उतारावरही खालच्या गिअरनेच उतरावे, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हा तर जिवाशी खेळ होय. पुढून मागे जाताना गाडी पूर्ण थांबल्यावाचून गिअर बदलू नये. उतारावर उभी करताना प्रथम हँडब्रेक ओढावा व मग 'पी' लावावा. अन्यथा मालासह साऱ्या गाडीचे ओझे आतील एका लहानशा पोलादी खिटीवर येते.

आणि ओझे! कंपनीने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे माल भरून मिळालेले जादा भाडे गिअरबॉक्स व्याजासह परत घेतो.

तेलाची परीक्षा

बहुतेक गाड्यांचे हे तेल नवे असता लाल व निर्मळ असते. ते काळपट होऊन करपल्याचा वास येऊ लागला, तर क्लच जळत असल्याचा संशय धरावा. दुधट दिसले, तर पाणी शिरले आहे. गाडीच्या पुस्तिकेत नेमून दिलेल्याच जातीचे तेल घालावे. दुसरे स्वस्त तेल घालण्यात काटकसर नाही. जड कामासाठी पुस्तिकेत तेल बदलण्याची मुदत कमी दिलेली असते. घाटात नित्य माल वाहणाऱ्याने तीच पाळावी. तेल गार करणाऱ्या जाळीवर साचलेला चिखल व धूळ हलक्या हाताने धुऊन काढावी.

आपल्या भागात पुराचाही विचार केला पाहिजे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेच्या पाण्याने महामार्ग अडविला होता. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात बुडाला, की आतील हवा आकुंचन पावते आणि हवेच्या नळीतून पाणी आत ओढले जाऊ शकते. अशी गाडी तेल तपासल्यावाचून पुन्हा कामास जुंपू नये. तसेच बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी मागची चाके रस्त्यावर ठेवून दूरवर टोचन करून नेऊ नये. वंगणाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके मात्र फिरती, म्हणजे गिअरबॉक्स कोरडाच घासत जातो. ती दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यावी.

ज्यांची गाडी हातगिअरची आहे, त्यांनाही ह्यातील सार लागू पडते. क्लचवर पाय ठेवून गाडी चालविणे आणि चढावर अर्ध्या क्लचवर ती तोलून धरणे ही त्याच घसटीची दुसरी रूपे होत.

वाचकहो, ह्यांतील बहुतेक नियमांना पैसा लागत नाही, थोडा संयम लागतो. थकल्या बैलाला आपल्या वाडवडिलांनी चढाच्या पायथ्याशी विसावा दिला, पाणी पाजले आणि मगच वाट धरली. तीच माया ह्या मुक्या यंत्रावर केली, तर हप्ते फिटल्यानंतरही ते घराला वर्षानुवर्षे साथ देईल.