ओहोटीला काढलेला फोटो

मोबाइलमध्ये साठलेले बहुतेक फोटो काढणाराही पुन्हा उघडून पाहत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताचे असे फोटो रोज किती निघतात याची गणतीच नाही. त्यातल्या एखाद्याच्या कोपऱ्यात ओल्या खडकाला चिकटलेला, बटणे शिवल्यासारखा हिरवट थर दिसतो. काढणाऱ्याच्या लेखी ते शेवाळ. प्रत्यक्षात तो प्रवाळांच्या नात्यातल्या झोअँथिड या प्राण्यांचा गालिचा असू शकतो. सूर्यास्त म्हणून तो फोटो सामान्य असला, तरी नोंद म्हणून कामाचा आहे, कारण लोकेशन चालू असेल तर फोनने चित्राबरोबर तारीख, वेळ आणि ठिकाणही टिपून ठेवलेले असते. नागरिक विज्ञानाचा, म्हणजे सामान्य लोकांनी टिपलेल्या अशा नोंदींवर चालणाऱ्या अभ्यासाचा, सगळा डोलारा या तीन गोष्टींवर उभा आहे. फोटो देखणा असण्याची गरज नाही, प्राणी दुर्मीळ असण्याचीही नाही. हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की चित्र तेवढे पोहोचते आणि ठिकाणाची माहिती गळून पडते; म्हणजे ज्यासाठी तो जपायचा तेच हरवते.

याचे मुंबईतले उदाहरण बोलके आहे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ साली काही नागरिकांनी सुरू केला. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप आत जाते, तेव्हा हाजीअली, गिरगाव, जुहू अशा ठिकाणी लोकांना घेऊन जायचे, खडकांच्या डबक्यांत दिसेल त्याचे फोटो काढायचे आणि ते ‘आयनॅचरलिस्ट’ या जागतिक नोंदवहीत टाकायचे. समुद्री गोगलगायी, स्पंज, शंखात राहणारे खेकडे, ऑक्टोपस, प्रवाळ असे शेकडो प्रकार या नोंदींत जमा झाले आहेत. ‘मुंबईच्या घाणेरड्या पाण्यात जगणार काय?’ हा शहराचा पक्का समज होता, आणि समजच असल्यामुळे त्याला कुणी पुरावा मागत नव्हते. मग सागरी किनारा मार्गाचे काम निघाले. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, त्यामुळे किनाऱ्यावर प्रवाळ आहेत की नाहीत हा प्रश्न हौशी लोकांपुरता उरला नाही. जुलै २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन परवानगी रद्द केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे चालू करू दिले. वरळी आणि हाजीअली इथल्या प्रवाळांच्या काही वसाहती पुढे अन्यत्र हलवण्यात आल्या. फोटोंनी रस्ता अडवला नाही, तसा दावा करणे भाबडेपणाचे होईल. पण ‘इथे काहीच नाही’ असे म्हणण्याची सोय मात्र उरली नाही.

फोटोवरून ओळख चुकते, हा पहिला आक्षेप खरा आहे. कित्येक स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय ओळखता येत नाहीत. आयनॅचरलिस्टचे संगणकीय अनुमानही उत्तर अमेरिकेच्या नोंदींवर भरपूर पोसलेले असल्याने आपल्याकडच्या गोगलगायीला खुशाल परदेशी नाव देऊन मोकळे होते. म्हणून तिथे तारीख, ठिकाण आणि पुरावा असलेल्या नोंदीवर किमान दोघांचे, आणि मतभेद असल्यास दोनतृतीयांशांहून अधिक लोकांचे एकमत झाल्यावरच ती संशोधनाच्या दर्जाची ठरते. एकमतही चुकू शकते. तरी फोटोची एक जमेची बाजू आहे. ‘अमुक पाहिले’ अशी वहीतली ओळ चुकीची असेल, तर ती चूक शोधायला काही साधनच उरत नाही. फोटोचे नाव चुकले, तरी चित्र तसेच राहते आणि वीस वर्षांनी एखादा अभ्यासक ते दुरुस्त करू शकतो.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. अशा फोटोंचा नकाशा हा प्राण्यांइतकाच माणसांचाही नकाशा असतो. जिथे पोहोचणे सोपे आणि रविवार मोकळा, तिथे नोंदींचा ढीग. शेजारच्या दलदलीत शून्य. ते शून्य म्हणजे प्राणी नाहीत असे नव्हे, माणूस गेला नाही एवढेच. शिवाय फोटो रंगीत गोगलगायीचा निघतो, मातकट किड्याचा नाही. यावरचा एक चांगला तोडगा सिडनीत सापडला. २०१७ साली तिथे ‘कोस्टस्नॅप’ सुरू झाले: पुळणीवर नजर जाईल अशा ठिकाणी फोन ठेवायची पक्की चौकट बसवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याने तिथूनच फोटो काढून पाठवावा असे आवाहन केले. कोन ठरलेला, दृश्यातल्या पक्क्या खुणांची जागा मोजलेली, भरतीची वेळ माहीत. त्यामुळे त्या चित्रांतून किनारा किती सरकला हे मीटरमध्ये काढता येते. एकेक फोटो कंटाळवाणा आहे, आणि त्यातच त्याचे बळ आहे. मुंबईतल्या ओहोटीच्या फेऱ्यांनीही नवीन प्राण्यामागे धावताना, तोच खडक दर महिन्याला टिपण्याचे रटाळ काम सोडू नये.

ठिकाण जाहीर केल्याने चोरांचे फावते, ही भीतीही अनाठायी नाही. धोक्यातल्या प्रजातींचे नेमके ठिकाण आयनॅचरलिस्ट सुमारे वीस किलोमीटरच्या चौकटीत धूसर करते, आणि इतर नोंदींसाठीही तशी सोय आहे. एक उणीव मात्र कुठल्याच सेटिंगने भरून निघणार नाही. मुंबईच्या याच खडकांवर कोळी बायका पिढ्यान्‌पिढ्या कालवं फोडत आल्या आहेत. कोणत्या दिवसांत काय लागते, काय लागेनासे झाले, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना वगळून जमवलेल्या फोटोंना लोकसहभाग म्हणणे जरा अतीच. प्राण्यांची स्थानिक नावे या नोंदवहीत मराठीतही घालता येतात, आणि ती विचारायला कोळीवाडा लांब नाही. पुढच्या अमावास्येच्या ओहोटीला जाणार असाल, तर फोनचे लोकेशन चालू ठेवा, मूळ फोटो जपा, आणि उलटलेला दगड होता तसा परत ठेवा. त्याच्याखाली कुणीतरी राहते.