लाव्हातला पिस्ता आणि नेल्सनची जहागीर

ब्रोंते (सिसिली) : एटना ज्वालामुखीला वळसा घालत जाणारी 'चिर्कुमेत्नेआ' ही अरुंद रुळांची रेल्वे पश्चिम उतारावरच्या ब्रोंते गावात येते. वर एटनाचा काळा लाव्हा, खाली सिमेतो नदीचं खोरं आणि मध्ये, साधारण ७६० मीटर उंचीवर, अठरा हजारांच्या आसपास वस्तीचं हे शेतकरी गाव. खोऱ्यातली चांगली जमीन कोणाची, यावरून इथे शतकानुशतकं भांडण चाललं.

सम्राट पाचव्या चार्ल्सच्या हुकुमानं १५३५ च्या सुमारास भोवतालच्या २४ वाड्या एकत्र करून हे गाव वसलं. त्याआधीच, १४९१ मध्ये पोपनं इथला मुलूख पालेर्मोच्या मोठ्या रुग्णालयाला देऊन टाकला होता. म्हणजे घाम ब्रोंतेच्या शेतकऱ्याचा आणि उत्पन्न दूरच्या राजधानीतल्या इस्पितळाचं! गावकऱ्यांनी कज्जेदलाली केली, पण मालकी काही हाती आली नाही.

१७९९ मध्ये मालक बदलला. नेपल्सचा राजा फर्डिनांड याचं सिंहासन वाचवल्याबद्दल इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन याला ब्रोंतेची डची इनाम मिळाली. पुढे तो सहीतही अभिमानानं 'नेल्सन अँड ब्रोंते' असं लिहू लागला, पण ट्रफाल्गरच्या लढाईत मरेपर्यंत त्यानं आपल्या जहागिरीत पाऊल टाकलं नाही.

१८६० मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गॅरिबाल्डी सिसिलीत उतरला. लढणाऱ्यांना गावच्या सामाईक जमिनीत वाटा देऊ, असा त्याचा हुकूम निघाला आणि ब्रोंतेच्या कुळांनी तो खरा मानला. वाटप काही होईना. ऑगस्टच्या सुरुवातीला उठाव झाला आणि त्यात गावातल्या बड्या मंडळींपैकी सोळा जण मारले गेले. इंग्रजांची मर्जी राखणं गॅरिबाल्डीला भाग होतं आणि डची होती इंग्रजाची. त्याचा सेनानी निनो बिक्सियो फौज घेऊन आला, काही तासांत खटला उरकला आणि १० ऑगस्टला पाच जणांना गोळ्या घातल्या. त्यात वकील निकोलो लोंबार्दो होता आणि गावात वेडसर म्हणून ओळखला जाणारा एक गरीब माणूसही होता. लेखक ज्योव्हान्नी व्हेर्गानं या प्रकरणावर 'लिबेर्ता' ही कथा लिहिली. राष्ट्रीय एकीकरणाच्या गौरवगाथेत मात्र ब्रोंतेला फारशी जागा मिळाली नाही.

खोरं हुकलेल्या या गावाचं नाव झालं ते लाव्हामुळे. हा दगड आपल्या सह्याद्रीच्या कातळाच्याच कुळातला. त्यावर नांगर चालत नाही. पण कातळाच्या भेगांत टर्पेंटाइनचं रानटी झाड मुळं रोवतं आणि शेतकरी त्यावर पिस्त्याचं कलम करतात. झाडांत नर-मादी वेगळी असल्यानं बागेत दोन्ही ठेवावी लागतात. परागवहन वाऱ्यावर सोपवलेलं.

तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात, तीही वर्षाआड, विषम सालात. सम सालात कळ्या हातानं खुडून झाडाला विसावा देतात. खडबडीत कातळावर यंत्र चढत नाही. त्यामुळे एका हातानं फांदी धरायची, दुसऱ्यानं घोस ओरबाडायचे आणि गळ्यात अडकवलेल्या पिशवीत टाकायचे. वरची साल काढून पिस्ते उन्हात वाळत घालतात. आतला गर पाचूसारखा हिरवा आणि त्यावर जांभळट पापुद्रा, ही इथल्या मालाची खूण.

आता या हिरव्या पिस्त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. उत्पादन थोडं, मागणी मोठी. साहजिकच परदेशी पिस्ता 'ब्रोंते' म्हणून खपवणारे व्यापारीही आले. तोडणीच्या दिवसांत चोरांच्या भीतीनं काराबिनिएरी पोलीस बागांवर गस्त घालतात. आणि ती जुनी डची? तिचा वाडा नेल्सनच्या वारसांकडून १९८१ मध्ये नगरपालिकेनं विकत घेतला. ज्या मालमत्तेसाठी आजोबा-पणजोबांनी गोळ्या खाल्ल्या, तिच्या एका तुकड्याचे पैसे गावानं शेवटी रोख मोजले.