कविता ऐकविताना

कविता लिहिणे ही एक कला आहे. ती चार माणसांस ऐकविणे ही दुसरी. पुस्तकातील एखादी ओळ कळली नाही, तर वाचक मागे वळून ती पुन्हा वाचतो. सभेतील श्रोत्यास ही सोय नसते. जी ओळ त्याच्या कानावरून निसटली, ती त्याच्यापुरती गेलीच. कवितावाचनाचे बहुतेक नियम या एकाच अडचणीतून निघाले आहेत.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यातल्या बायका पहाटे जात्यावर ओव्या गात. काही ओव्या आईकडून आलेल्या, तर काही स्वतः रचलेल्या असत. पुष्कळजणींस अक्षरओळखही नव्हती. जात्याची घरघर चालू असताना त्या ओळीचा तुकडा पुन्हा आळवीत, मध्येच ‘गं बाई’ अशी साद घालीत. त्यामुळे समोर दळणाऱ्या सोबतिणीस शब्द नीट ऐकू येत व तीही सूर धरी. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती मुकी झाली. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी १९८०नंतरच्या दशकात मुळशीच्या डोंगराळ गावांतून अशा ओव्या जमविण्यास आरंभ केला. पुढे महाराष्ट्रातील अनेक गावांतून १ लाखाहून अधिक ओव्या जमल्या. ज्या कोणी टिपल्या नाहीत, त्या गाणारणींबरोबरच लोपल्या.

पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झाले. त्यातील कवी यशवंत व गिरीश आपल्या कविता गाऊन दाखवीत. पुढील काळात विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट या तिघांनी गावोगाव कवितावाचनाचे कार्यक्रम केले. कविता गावी की वाचावी, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र शब्द श्रोत्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे.

नवशिक्याने प्रथम लहानशी कविता निवडावी. ती घरी मोठ्याने अनेकदा वाचावी आणि अर्थ जेथे थांबतो, तेथे पेन्सिलीने खूण करावी. ओळीच्या शेवटी आवाज खाली पडू देऊ नये. यमकाचा शब्द बहुधा तेथेच असतो. कागद तोंडासमोर धरू नये. तो छातीच्या उंचीवर असावा. हात कापत असल्यास कागदाखाली पुठ्ठा घ्यावा. भीतीने वाचन भरभर होते, म्हणून पहिली ओळ मुद्दाम सावकाश म्हणावी. एखादा अवघड शब्द आधीच सांगून ठेवावा. परंतु कवितेचा सगळा अर्थ आपणच सांगत बसू नये. शेवटची ओळ संपताच खाली बसण्याची घाई करू नये; ती ऐकणाऱ्यांच्या मनात क्षणभर राहू द्यावी.

तयारी झाली की मित्रास वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसवावे व कविता एकदाच वाचावी. त्यातील एखादी ओळ त्यास आपल्या आठवणीतून सांगता आली, तर आपले वाचन साधले असे समजावे.