दुसऱ्या गेरची रिंग

पांढरी मारुती ८०० रस्त्यावरून गॅरेजकडे वळते आणि वळताना खर्रर्र करून ओरडते. आत काम करणारी तिघंही हातातलं सोडून वर बघतात. निलंगा संपता संपता, औराद शहाजानीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे पत्र्याचं गॅरेज. मी माझ्या मोटारसायकलच्या चेनसाठी थांबलोय, पण हा आवाज ऐकल्यावर चेन बाजूला राहते.

गाडीतून सिस्टर उतरतात. तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर त्यांची ड्यूटी आहे. जाऊन-येऊन रोजचाच प्रवास, आणि रस्त्यात प्रत्येक गावाला दोन-तीन गतिरोधक.

"चाचा, दुसरा गेर बघा बरं. तिसऱ्यातून खाली आणला की असंच करलालाय."

"पयल्यात?"

"पयल्यात काय नाही. गाडी उभी असताना दुसराबी गप जातो. चालत्या गाडीतच ओरडतो."

गॅरेजचे मेस्त्री चाचा हात पुसतात आणि चाक-बोल्ट काहीही न खोलता सरळ सीटवर बसतात. इंजिन चालू, गाडी जागेवर. क्लच पूर्ण दाबून धरतात, दोन-तीन सेकंद थांबतात आणि रिव्हर्स टाकतात. आवाज नाही. पुन्हा न्यूट्रल, पुन्हा रिव्हर्स. तरीही नाही.

"क्लच चांगलाय," ते खिडकीतून सांगतात.

ही परीक्षा आधी का, ते हाताखालच्या पोराला समजावताना मला ऐकू येतं. या गाडीच्या रिव्हर्सला सिंक्रो (वेग जुळवणारी रिंग) नसतो. क्लच पूर्ण सुटत नसेल तर सगळ्यात आधी रिव्हर्सच बोंबलतो. क्लचची केबल ढिली पडलेली असताना गेरबॉक्स उतरवून बसणारे मेस्त्री त्यांनी बघितलेत. गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो.

मग गाडी रस्त्याला निघते. पुढे सिस्टर बसतात, मागे मी. तिसऱ्या गेरात चाळीसच्या आसपास वेग आला की चाचा सरळ दुसरा टाकतात. दांडीतून हाताला झिणझिणी यावी असा खरखराट होतो. थोडं पुढे जाऊन पुन्हा तेच करतात, पण या वेळी पद्धत वेगळी. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अॅक्सिलरेटरला एक हलका दाब, परत क्लच, आणि दुसरा. गेर लोण्यासारखा आत जातो.

"डबल क्लच. जुन्या ट्रकांना असंच चालवावं लागायचं," चाचा म्हणतात. "ऐकलं का सिस्टर? स्पीड मी हातानं जुळवला की गेर गप जातो. म्हंजे दात शाबूत हायेत. स्पीड जुळवायचं काम ज्या रिंगचं, ती दमलीय."

कुठलंही यंत्र न लावता, नुसतं दोन तऱ्हेनं गेर टाकून केलेलं हे निदान मी मनापासून मानतो. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा सिंक्रोमेश आला, तो ड्रायव्हरला या डबल क्लचच्या कसरतीतून सोडवायलाच. तोवर दोन फिरत्या चक्रांचा वेग पायानं आणि कानानं जुळवावा लागत असे.

परत आल्यावर चाचा नट-बोल्टांच्या डब्यातून दोन पितळी रिंगा काढून माझ्या तळहातावर ठेवतात. एक नवी, एक काढून टाकलेली. नव्या रिंगेच्या आतल्या अंगाला बारीक धारदार आटे आहेत, त्यांवरून नख फिरवलं की खरखरीत लागतं. जुनीवर नख नुसतं घसरतं. गेर टाकताना ही रिंग गेरच्या निमुळत्या पोलादी भागावर चढते, आटे मधलं तेल खरवडून बाजूला सारतात, पितळ पोलादाला घट्ट धरतं आणि दोघांचा वेग एक होतो. मग दात दातात बसतात. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं. आटे गेले किंवा तेल फारच घसरडं असलं तर पकड बसत नाही, आणि वेग जुळायच्या आत दात दातांवर आदळतात. तोच हा आवाज.

गेरबॉक्समधल्या तेलाची अडचण इथेच आहे. दात झिजू नयेत म्हणून ते घसरडं हवं, आणि रिंगेला पकडता यावं म्हणून फार घसरडं चालत नाही.

"ऑइल कधी बदललं?"

"दिवाळीत. वाटेत एका ठिकाणी. सगळ्यात भारी टाकलंय म्हणले. उरलेलं डिकीत आहे."

चाचा डबा काढून मागची बारीक अक्षरं वाचायला मला देतात. मी मोठ्यानं वाचतो: ८५डब्ल्यू-१४०, जीएल-५.

चाचा कपाळाला हात लावतात. "हे तर हौसिंगचं तेल!"

बाजूला एक जुनी कमांडर जीप उभी आहे. तिचा ड्रायव्हर मध्ये पडतो, "पण चाचा, जीएल-पाच म्हंजे जीएल-चारच्या वरचं ना? आमच्यात तर तेच टाकतेत."

"तुझ्या जीपच्या मागल्या हौसिंगात टाकतेत. तिथं तेच पायजे. गेरबॉक्सात नाही."

जीपच्या मागच्या अॅक्सलमध्ये क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांवर दाबून घसरतात. त्या भयंकर दाबाखाली तेलाचा थर टिकावा म्हणून जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची भर असते, जीएल-४ च्या साधारण दुप्पट. तापलेल्या गेरबॉक्समध्ये हीच भर पितळाला खाऊ शकते. अलीकडच्या बऱ्याच जीएल-५ तेलांत पितळाला जपणारी रसायनं घातलेली असतात, तरी रिंगेची पकड सुटू शकतेच. मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालते. तिचा डिफरन्शियल गेरबॉक्सच्याच पोटात असतो आणि त्याचे दात साधे तिरपे असतात. तिला जीपच्या हौसिंगचं तेल कुठेच लागत नाही. चार आणि पाच या पायऱ्या नाहीत, ती दोन वेगळ्या कामांची दोन तेलं आहेत.

१४० नंबरचंही तसंच. दाट तेलानं आवाज दबतो, म्हणून गाडी विकायच्या आधी ते भरणारे लोक आहेत, असं चाचा सांगतात. पण दाट तेल रिंगेच्या आट्यांतून वेळेवर बाजूला होत नाही, आणि थंडीतल्या सकाळी तर गेर हलायलाही तयार नसतो. या गाडीला लागणाऱ्या तेलाचा नव्वद हा आकडा ऐकून कुणाला तेही दाटच वाटेल. पण गेर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी असते. गेरचं ९० हे दाटपणात इंजिनच्या ४० ते ५० च्या जवळपास येतं.

गाडी जॅकवर चढते. पोरगं ड्रेन बोल्टला पाना लावतं आणि चाचा ओरडतात, "वरचा आधी!" भरायचा बोल्ट आधी सुटतो का बघायचं, मगच खालचा खोलायचा. वरचा गंजून अडकला आणि खालून तेल वाहून गेलं, तर गाडी तिथंच उभी राहणार. नियम साधा आहे, पण घाईत तो हमखास मोडला जातो.

गरम तेल ट्रेमध्ये पडतं. गंधकाचा उग्र वास येतो. चाचा ट्रे उन्हात धरून हलवतात आणि तेलात सोनेरी भुकटी चमकते. ते एक लोहचुंबक तेलात फिरवून वर काढतात. चुंबकाला काळसर चिखल लागलाय, तुकडा एकही नाही. सोनेरी भुकटी ट्रेमध्येच राहते. पितळ चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे झीज रिंगेचीच, दात अजून वाचलेत.

आता ७५डब्ल्यू-९०, जीएल-४. गाडी सपाटीवर घेतात, नळीनं तेल भरतात आणि वरच्या भोकातून धार बाहेर यायला लागली की थांबतात. साधारण दोन लिटर मावतं.

पुन्हा चक्कर. हळू वेगात दुसरा गप जातो. चाळीसवरून खाली आणला की मात्र अजून थोडं कुरकुरतं. सिस्टरच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू येतं, पण चाचा त्यांना खोट्या आशेवर ठेवत नाहीत.

"सिस्टर, तेलानं झिजलेली रिंग परत येत नसती. जुनं तेल अजून आत चिकटून आहे. महिनाभर चालवा, मग हेबी काढून नवं टाकू. दुसरा घेताना दांडी दाबून एक क्षण थांबा, ढकलू नका. तरीबी ओरडला तर बॉक्स उतरवून रिंग बदलावी लागंल. आवाज घेऊन तशीच चालवली तर दात जातील, मग खर्च झेपायचा नाही."

"रात्री-अपरात्री कॉल आला तर धोका नाही ना?"

"आज नाही."

रात्री बाळंतपणासाठी धावणाऱ्या बाईची गाडी केवळ चुकीच्या डब्यापायी रस्त्यात बंद पडावी, हे मला सहन होण्यासारखं वाटत नाही. आपल्याकडे तेल अजून नंबरावर मागितलं जातं. दुकानदार 'नव्वद का एकशेचाळीस' एवढंच विचारतो आणि जीएलचं नावही निघत नाही. जुनी गाडी चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: गाडीचं पुस्तक असेल तर त्यातला ग्रेड कागदावर लिहून डॅशबोर्डमध्ये ठेवा, कारण काही गाड्यांना कंपनीचं स्वतःचं वेगळं गेरबॉक्स तेलच (एमटीएफ) लागतं. पुस्तक हरवलं असेल तर त्याच मॉडेलचं काम करणाऱ्या जाणत्या मेस्त्रीला विचारा. आणि झाकण उघडण्याआधी, दुकानात उभं राहूनच, डब्यामागची ती बारीक ओळ वाचा.